सातवा पाटा

सोहारच्या सनायात, टायरवाल्या पठाणाच्या शेजारी,
ती घरगाडी आली तेव्हा आधी तिचा आवाज आला.
खणातले चमचे, एक सैल खिडकी, बिजागऱ्या,
आणि गतिरोधकावर
भांड्यांची अख्खी मांडणी कोसळावी तसं सगळं एकदम.

खमीस बिन राशिद. बंदरात पायलट होता,
म्हणजे मोठाली जहाजं धक्क्याला आणून लावणारा.
कंबरेवर हात ठेवून उतरला.
मुहंदिस, म्हणाला, समुद्रानं मला कधी इतकं आपटलं नाही.
त्र्याण्णव सालची गाडी. म्हातारी झाली, दुसरं काय.

असं म्हणणाऱ्याचं मी ऐकून घेतो
आणि खाली सरकतो.
पाठीखाली पुठ्ठा, पापण्यांवर वाळू.
बुशांचं रबर कसलं, बोटाला लागणारी काळी भुकटी.
शॉकअप दाबला तर दबला, परत यायचं विसरला.
हे ठीक. हे या वयात सगळ्यांचंच होतं.
पण पाटे मोजले. पुन्हा मोजले.
कंपनी सहा देते.
सातव्याचा रंग वेगळा, टोकं हातानं कापलेली.

कुणी घातला हा?
तुझ्याआधी इथे एक केरळी होता, त्यानं. बारा वर्षं झाली.
कशाला?
तो टायरकडे बघत राहिला.
शम्सा दगड गोळा करायची.
शाळेत भूगोल शिकवायची ना. प्रत्येक वादीतून एक तरी.
(वादी म्हणजे त्यांची कोरडी नदी.
मला बावीस वर्षांनंतरही वाडीच ऐकू येतं:
माडाखाली चार घरं, एक विहीर.)
पलंगाखालची पेटी भरली, गाडी मागून बसायला लागली,
तेव्हा हा पाटा.
आणि आता?
मुलांनी दगड उतरवले. दोन रमजान झाले.

भंगारवाल्याच्या काट्यावर नेली.
मागचा आस दोन हजार एकशे चाळीस.
टायरांत हवा ऐंशी पौंड, तिच्या दगडांच्या हिशेबाची.
तक्ता म्हणतो, पंचावन्न पुरे.
ओझं कधीच उतरलं होतं,
गाडीला कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री घरी फोन लावला.
सुगंधा म्हणाली, किती तोडून बोलता हल्ली.
कर्ज मागच्या वर्षीच फिटलं आमचं.
दमलोय, म्हणालो.
आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी यू-बोल्ट तापवून सोडले.
सातवा पाटा निसटून फरशीवर पडला आणि घुमला,
आमच्या आचऱ्याच्या शाळेत
रुळाचा तुकडा टांगून टोल द्यायचे, अगदी तसा.
खमीस बाहेर बाकावर होता. चटकन उभा राहिला.

नवे बुश, नवे शॉकअप. हवा अठ्ठावन्नवर ठेवली,
तीन पौंड वर. सवय एकदम मोडू नये.
बुरैमीच्या रस्त्याला लागलो.
त्यानं ओट्यावर काहव्याची वाटी ठेवली होती, काठोकाठ.
गतिरोधकावर वाटीनं मान हलवली, सांडली नाही.
चमचे गप्प.
तो इतका वेळ बोलला नाही
की मला वाटलं, काहीतरी राहिलंच.

बिल केलं: सामान, मजुरी, मिळून पंचाऐंशी रियाल.
पाट्याचं काय?
भंगार. नऊएक किलो भरेल.
त्यानं तो उचलला, पांढऱ्या डिशदाशाला ग्रीस लागलं,
तसाच आत गेला. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

वाजेल तो आत, मी ओरडलो.
गोणपाट शोधून आणलं, खाली घालायला.
त्यानं हसून घेतलं, नीट चौघडी केली
आणि पुढच्या, शेजारच्या सीटवर ठेवलं.